पंचवटीने जाऊन पंचवटीने परत: मुंबईत चित्रं बघायचा एक दिवस

नाशिकच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. दर हिवाळ्यात एकदा तरी मुंबईला चित्रं बघायला जायचं, हा नोकरीत असतानाच मी स्वतःला घालून घेतलेला नियम. आधी एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांना घेऊन गेले, मग नणंदेला घेऊन, आणि निवृत्त झाल्यापासून बहुतेक वेळा एकटीच जाते. त्यामुळे ओळखीपाळखीत कोणी मुंबईला निघालं की मला फोन येतो, "बाई, एका दिवसात काय काय बघून होईल?"

या "काय काय"नेच दिवसाचं वाटोळं होतं. पहिल्या वर्षी मी बावीस मुलांना राणीची बाग, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, जहांगीर आर्ट गॅलरी, गेटवे आणि मरीन ड्राइव्ह असं सगळं एका दमात दाखवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, सगळ्यांत जास्त काय आवडलं? अठरा जणांनी सांगितलं, डबलडेकर बस.

तेव्हापासून हिशेब साधा ठेवलाय. पंचवटी एक्सप्रेस सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून निघते, पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला लागते आणि संध्याकाळी सव्वासहाला तिथूनच परत फिरते. हातात आले साडेसात तास. चालणं, खाणं, रांगा आणि प्रसाधनगृहं वजा केली की चार-साडेचार उरतात. तेवढाच वेळ डोळेही नीट काम करतात, गुडघे त्याच्याही आधी संप करतात. यात एक संग्रहालय, दोन गॅलऱ्या आणि वाटेतल्या इमारती आरामात बसतात. पुण्याहून किंवा डोंबिवलीहून येणाऱ्यांनी आपल्या गाडीप्रमाणे घड्याळ सरकवावं, बाकी रस्ता हाच.

वार आधी, तिकीट नंतर

सोमवारी जाऊ नका. काळा घोड्याजवळची राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा, म्हणजे लोक जिला एनजीएमए म्हणतात ती, सोमवारी बंद असते. मी एकदा अकरा मुलांना घेऊन त्या बंद दारासमोर उभी राहिले आहे. चूक माझीच होती, पण मुलांच्या चेहऱ्यावर ते दिसत नव्हतं. त्यांना वाटत होतं की बाईंना मुंबईने फसवलं.

फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद, काही सोमवारीही. जहांगीर आर्ट गॅलरी रोज अकरा ते सात उघडी आणि प्रवेश फुकट, पण तिथली प्रदर्शनं साधारण मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. सोमवारी संध्याकाळी गेलात तर चित्रकार चित्रं उतरवून बबलरॅपमध्ये गुंडाळत असतो. मंगळवारी सकाळी गेलात तर तो शिडीवर असतो आणि त्याची बायको खालून "डावी बाजू जरा वर" असं सांगत असते. (हे बघायलाही मजा येते, पण त्यासाठी नाशिकहून यायला नको.) तेव्हा बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार. शनिवार चालेल, पण म्युझियममध्ये कुटुंबंच्या कुटुंबं येतात, सूक्ष्मचित्रांसमोर उभं राहायला जागा मिळत नाही.

काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस जानेवारी-फेब्रुवारीत येतात. १९९९पासून तो भरतो. त्या वेळी जायचं असेल तर मधल्या वारी, दुपारी दोनच्या आत. शनिवार-रविवारी तिथे चित्रं दिसत नाहीत, चित्रांसमोर फोटो काढणारी माणसं दिसतात.

बरोबर काय घ्यायचं? मऊ चपला किंवा बूट, नवे कोरे मुळीच नकोत. छोटी पिशवी, मोठी सॅक म्युझियममध्ये सामानघरात ठेवावी लागते. एक वही आणि पेन्सिल. पेन नको, चित्रांजवळ शाईचं काही हातात असलं की रखवालदाराचा जीव खालीवर होतो. एक पातळ शाल, कारण एनजीएमएमध्ये एसी असा चालवतात की बर्फाचा कारखाना वाटावा. आणि माझी खास सूचना: एक भिंग. स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं. ते कशाला, हे म्युझियमशी आल्यावर सांगते.

स्टेशनातून पळू नका

गाडीतून उतरलं की माणसं टॅक्सीच्या रांगेकडे धावतात आणि दिवसातली पहिली मोठी कलाकृती पाठीमागे टाकून जातात. सीएसएमटी बाहेरून बघायची. रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला या आणि वीस मिनिटं उभे राहा.

फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुकाराने हे काम १८७८ला सुरू केलं, दहा वर्षं चाललं. २००४पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. ते सगळं पाटीवर लिहिलेलं असतं. पाटीवर न दिसणारी गोष्ट अशी की या इमारतीवरचं बरंचसं कोरीवकाम शेजारच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. माझ्या मुलांना मी हे सांगितलं की ती मान वर करून बघायची. आपल्यासारख्याच पोरांनी केलंय म्हटल्यावर दगड वेगळा दिसतो. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. घुमटावर उभी असलेली बाई म्हणजे "प्रगती". कमानींच्या पानाफुलांत प्राणी-पक्षी लपलेत. लहान मुलं बरोबर असतील तर दहा मिनिटांत कोण किती शोधतो, अशी पैज लावा.

तुमच्या पाठीमागची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच, १८९३ची. हे आडनाव लक्षात ठेवा, संध्याकाळी पुन्हा लागेल.

भूक लागली असेल तर समोरच "आराम" आहे, वडापाव आणि पियूष. मी इगतपुरीला गाडीतच एक वडा खाल्लेला असतो, तरी इथे दुसरा खाते. याचं समर्थन करण्याच्या फंदात मी पडत नाही.

जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं वार्षिक प्रदर्शन चालू असेल तर मात्र सगळा कार्यक्रम बाजूला ठेवा आणि आधी तिकडे जा. स्टेशनापासून पाच-सात मिनिटं. १८५७मध्ये सुरू झालेली शाळा, मोठाली झाडं, उंच छताचे स्टुडिओ. विशीतली पोरं काय काढतात हे बघायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि ती तुमच्याशी बोलायला उत्सुक असतात. मोठे चित्रकार बोलतात तेव्हा मोजून बोलतात.

दादाभाई नौरोजी रस्ता सावलीतून

काळा घोडा इथून दीडेक किलोमीटर आहे. आता भुयारी मेट्रोही झाली. सीएसएमटीला बसा, पुढचंच स्टेशन हुतात्मा चौक. गुडघे दुखत असतील तर खुशाल तिने जा. पण जमत असेल तर चाला, कारण हा रस्ता चालणाऱ्यांसाठीच बांधलाय. १८९६ साली नियम निघाला की या रस्त्यावर इमारत बांधायची तर तळमजल्यावर पुढच्या बाजूला कमानीखालून पायवाट सोडायची. म्हणून प्रत्येक इमारत वेगळ्या शैलीची असूनही खालून सावलीचा एकच लांब पट्टा जातो. फेरीवाले, जुनी पुस्तकं, मोबाइलची कव्हरं, मोजे, सगळं त्या सावलीत. खरेदी परतताना. आत्ता हातात पिशव्या घेतल्या की संपलं.

हुतात्मा चौकात दोन स्मारकं शेजारी आहेत आणि लोक त्यातलं एकच बघतात. फ्लोरा फाउंटन १८६४चं, फुलांच्या रोमन देवीचं. त्याच्या जवळच मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार: संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गेलेल्यांचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ला याच परिसरात गोळीबार झाला. मुलांना मी नावं मोठ्याने वाचायला लावायचे. दोन मिनिटं लागतात.

बंद दाराची बेल वाजवायची

आता या दिवसातला सगळ्यांत अवघड भाग. यात पैसे लागत नाहीत, चालावंही फारसं लागत नाही. फक्त संकोच गिळावा लागतो.

खासगी आर्ट गॅलरी म्हणजे काय, हे मला पन्नाशीपर्यंत नीट माहीत नव्हतं. जुन्या इमारतीचा जिना, दारावर छोटी पाटी, आत पांढऱ्या भिंती, टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी. मला वाटायचं, इथे विकत घेणाऱ्यांनीच जायचं. एकदा कुलाब्यातल्या एका गॅलरीच्या दारापर्यंत जाऊन, काचेतून आत बघून, मी जिना उतरून परत आले होते. हातात नाशिकच्या किराणा दुकानाची कापडी पिशवी होती, तिची लाज वाटली.

तर स्पष्ट सांगते: या गॅलऱ्यांमध्ये कोणीही जाऊ शकतं. प्रवेश फुकट. नाव विचारलं तर वहीत लिहायचं, नाही विचारलं तर मान हलवून आत जायचं. कोणी "काय घेणार?" म्हणत नाही. उलट तुम्ही दहा मिनिटांहून जास्त थांबलात तर टेबलाशी बसलेली मुलगी उठून माहितीचा कागद आणून देते.

सुरुवात करायला मी केमोल्ड प्रेस्कॉट रोड सुचवते, कारण ती वाटेवर आहे. हुतात्मा चौकातून आत, क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला. हिची गोष्ट मला आवडते. केकू गांधी हे मूळचे चित्रांच्या चौकटी बनवणारे. "केमोल्ड" हे नाव केमिकल आणि मोल्डिंग या दोन शब्दांची मोडतोड करून बनलंय. चौकटीसाठी येणाऱ्या चित्रकारांची चित्रं ते दुकानाच्या काचेत लावायला लागले, आणि १९६३मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर त्यांनी आणि खोर्शेद गांधींनी गॅलरी काढली. २००७मध्ये ती इथे आली. चौकटवाल्यापासून सुरू झालेली गॅलरी म्हटल्यावर माझी कापडी पिशवी मला जड वाटेनाशी झाली.

इथे बहुतेक वेळा आजच्या चित्रकारांचं काम असतं. कधी जमिनीवर काहीतरी मांडलेलं असेल, कधी अंधारात व्हिडिओ चालू असेल. समजलं नाही तर घाबरू नका. अर्धा तास दिला की पुरे.

म्युझियममध्ये पाचच गोष्टी

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. रोज सव्वादहा ते सहा, काही राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. सकाळी शाळांच्या सहली असतात, म्हणून मी साडेबाराला शिरते, तेव्हा पोरं डबे खायला बसलेली असतात.

तिकीट काढलं की लगेच आत धावू नका. बागेत उभं राहून दगडाचे दोन रंग बघा: करडा तो कुर्ल्याचा बेसाल्ट, पिवळसर तो मालाडचा दगड. वरचा घुमट दख्खनी इमारतींवरून सुचलेला. वास्तुकार जॉर्ज विटेट. पायाचा दगड १९०५ला बसला, इमारत १९१४च्या सुमारास तयार झाली, आणि मग पहिलं महायुद्ध सुरू झाल्याने तिथे आधी लष्करी दवाखाना भरला. संग्रहालय म्हणून दारं उघडली ती १९२२च्या जानेवारीत.

आत शिरल्यावर मधल्या दालनात थांबून वर बघा. पहिल्या मजल्यावरून डोकावणारा लाकडी सज्जा, ते खांब आणि कठडे हे अठराव्या शतकातल्या मराठी वाड्याचं लाकूडकाम आहे. ते नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं, असं सांगतात. मी दर वेळी त्याच्या खाली उभी राहून भावकीतल्या माणसाला भेटल्यासारखी बघते. आमच्याकडे सराफ बाजाराच्या मागे असे वाडे एकेक करून पडले, तिथे आता पार्किंग आहे.

मग शिल्पं. ऐहोळेहून आणलेल्या छतावरच्या शिळा इथे भिंतीवर डोळ्यांच्या पातळीला आहेत. मुळात त्या देवळाच्या छताला होत्या, लोक मान मोडून बघत. इथे त्या इतक्या जवळ आहेत की छिन्नी कुठे थांबली ते दिसतं. एकाच शिळेसमोर पाच मिनिटं थांबा, बाकीच्यांवरून नजर फिरवली तरी चालेल.

तिसरी गोष्ट म्हणजे मीरपूरखासची भाजलेल्या मातीची शिल्पं. सिंधमधल्या एका बौद्ध स्तूपातून आलेली. मोठमोठ्या दगडांच्या गर्दीत ही दुर्लक्षित राहतात. गणपतीची मूर्ती केलेल्या कुणालाही यांच्यासमोर उभं राहिल्यावर बोटांत काहीतरी जाणवेल: ओठांची कड बोटाने दाबून वळवलेली आहे, कोरलेली नाही. हातात कमळ घेतलेला भक्त शोधा.

चौथी, सूक्ष्मचित्रं. इथे भिंग काढा. मुघल, राजस्थानी, पहाडी, दख्खनी अशी चित्रं, काही जेमतेम तळहाताएवढी. दालनात उजेड मंद असतो, कारण तीव्र प्रकाशात हे रंग उडतात. डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं द्या. मग काचेपासून वीतभर लांब राहून भिंगातून एकच चौरस इंच बघा. दाढीचा एकेक केस, पारदर्शक मलमलीखालचा झगा, झाडाच्या प्रत्येक पानाची वेगळी कड. हे काम खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने करत. माझ्या एका विद्यार्थ्याने, जो वर्गात दोन मिनिटं एका जागी बसत नसे, एका शिकारीच्या चित्रासमोर चक्क वीस मिनिटं घालवली आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "बाई, मागच्या डोंगरावर एक माणूस झोपलाय." मी ते चित्र सहा वेळा बघितलं होतं. मला तो कधीच दिसला नव्हता.

पाचवी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जहांगीर निकल्सन यांचा संग्रह आहे. कापसाचे व्यापारी, चित्रं जमवत गेले. त्यांच्या संग्रहातली निवडक चित्रं २०११पासून इथे आलटून पालटून लागतात. १९४७मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपचं नाव चित्रकलेच्या पुस्तकात वाचलं असेल: सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे, गाडे. सूझा गोव्यातल्या साळगावचे, गाडे विदर्भातल्या तळेगावचे. नंतर त्यांच्याबरोबर आलेले गायतोंडे जे. जे.चे. या लोकांची चित्रं पुस्तकात तीन इंचाची असतात. प्रत्यक्षात रंगाचा थर किती जाड आहे, कॅनव्हास केवढा आहे, हे कळलं की पुस्तकावर रागच येतो. ज्या दिवशी जाल त्या दिवशी कोणाचं चित्र लागलेलं असेल याची खात्री नाही, म्हणून अपेक्षा न धरता वर चढा.

शस्त्रं, नाणी, चिनी भांडी, पेंढा भरलेले प्राणी हे सगळं सोडा. होय, सोडा. मुलं असतील तर ती प्राण्यांकडे ओढतीलच. त्यांना जाऊ द्या आणि तुम्ही बाकावर बसा.

दोन-सव्वादोनला बाहेर. जेवण कुठे, यावर माझं फार मत नाही. फोर्टात उडप्याची हॉटेलं आहेत, इराणी आहेत. जड जेवू नका एवढंच. थाळी खाऊन चित्रं बघायला गेलं की तिसऱ्या चित्रासमोर जांभई येते, आणि समोर चित्रकार बसलेला असतो.

जहांगीर: चित्रकाराशी काय बोलायचं

संग्रहालयाला लागूनच जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ची, सर कावसजी जहांगीर यांनी मुलाच्या स्मरणार्थ दिलेली. दारात लाटेसारखा पुढे आलेला काँक्रीटचा छज्जा आहे, त्याच्या सावलीत फुटपाथवर रेखाचित्रं काढणारे बसतात. नणंदेने हौसेने आपलं पोर्ट्रेट काढून घेतलं. वीस मिनिटं पुतळ्यासारखी बसली. कागद हातात आल्यावर बराच वेळ गप्प, मग म्हणाली, "वहिनी, हे तर माझ्या सासूबाई." चित्र घरी कपाटावर आहे. दोष चित्रकाराचा की सासरी काढलेल्या चाळीस वर्षांचा, यावर आमच्यात अजून वाद आहे.

आत तीन-चार दालनं, प्रत्येकात वेगळा चित्रकार. कोणी विदर्भातल्या गावातून आलेला कलाशिक्षक, कोणी बंगालचा, कोणी पहिल्यांदाच प्रदर्शन करणारी गृहिणी. इथे एक आठवडा दालन मिळावं म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. म्हणजे समोर टेबलाशी बसलेला माणूस आयुष्यातल्या फार मोठ्या आठवड्यात बसलाय, हे लक्षात ठेवून आत शिरायचं.

माझी पद्धत अशी. पहिली फेरी भरभर मारायची, न थांबता, नावं न वाचता. दाराशी परत येऊन विचारायचं: कुठलं चित्र आठवतंय? जे आठवेल त्याच्याकडे सरळ जायचं आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं काढायची. तीन मिनिटांनी कंटाळा येतो. तो येऊ द्या, हलू नका. त्यानंतरच दिसायला लागतं की ही निळी रेघ आधी लाल होती, ती खालून डोकावतेय. की सगळं चित्र डावीकडे कलतंय आणि उजवीकडच्या एका छोट्या पिवळ्या ठिपक्याने सावरलंय. एकदा जवळून बघा, एकदा सहा पावलं मागे जाऊन. मागे जाताना मागचं शिल्प सांभाळा. हे मी अनुभवाने सांगते.

चित्राशेजारी लाल टिकली दिसली तर ते विकलं गेलंय. छापचित्राखाली पेन्सिलने ३/२५ असं लिहिलेलं असेल तर पंचवीस छापांतला तो तिसरा. किमतीचा कागद टेबलावर असतो, मागायला लाजू नका. आकडे बघून दचकलात तरी चेहरा सरळ ठेवा.

आणि चित्रकाराला "याचा अर्थ काय?" हे विचारू नका. दिवसात शंभर जण विचारतात, आणि तोही बिचारा काहीतरी सांगून मोकळा होतो. त्याऐवजी कामाबद्दल विचारा. हा पोत कसा आणला? कॅनव्हासवर आधी काय लावलंत? यातलं सगळ्यांत आधीचं कुठलं? एकाने मला असं विचारल्यावर खुर्ची ओढून दिली आणि भिंतीला लावायच्या लांबीत वाळू मिसळून तो थर कसा देतो हे पाऊण तास समजावलं. पुढच्या वर्षी माझ्या दहावीच्या वर्गाने तेच केलं, वर्गाची फरशी खराब झाली आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

फोटो काढायचा तर विचारून. निघताना अभिप्रायाच्या वहीत "छान" असं लिहू नका. कुठलं चित्र लक्षात राहिलं तेवढं लिहा. घरी गेल्यावर तो ती वही वाचतो.

एनजीएमए, जमलं तर

रस्ता ओलांडला की सर कावसजी जहांगीर हॉल. १९११ची इमारत, पुन्हा विटेटच. पूर्वी इथे सभा-संमेलनं व्हायची. १९९६ला आत अर्धवर्तुळाकार मजले बसवून कला संग्रहालय केलं. तळापासून जिन्याने वर वर जायचं आणि शेवटी घुमटाखाली पोचायचं. तिकीट किरकोळ. इथे कायमची चित्रं नसतात, प्रदर्शनं बदलतात, आणि मधल्या काळात मांडणीसाठी बंद असतं. म्हणून निघण्याआधी चौकशी करा. विषय ओढणारा नसेल तर वगळा.

२०१९मध्ये इथे प्रभाकर बरवे यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. अलिबागजवळच्या नागावचे, जे. जे.चे. घड्याळ, पान, अक्षर, चावी अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत तरंगताना दिसतात, त्या त्यांच्या. छापील चित्रांत मला ते रंग नेहमी थोडे थंड वाटायचे. प्रत्यक्षात कळलं की त्यांनी इनॅमल रंग वापरलाय, आपण खिडकीच्या गजांना आणि लोखंडी कपाटांना देतो तो. तो ओघळतो, त्याला स्वतःची चकाकी असते, एकदा बसला की हलत नाही. त्याच रंगात इतकं शांत काम. डायऱ्याही मांडल्या होत्या, बारीक अक्षरात. मी पाऊण तासासाठी गेले होते, दोन तास राहिले, आणि त्या दिवशी गेटवे बघितला नाही.

शेवटचा तास

पाचला तिथून निघालात तर गेटवेकडे चालत दहा मिनिटं. वाटेत रीगल सिनेमा. १९३३चा, आर्ट डेको. वास्तुकार चार्ल्स स्टीव्हन्स. सकाळी लक्षात ठेवायला सांगितलेल्या स्टीव्हन्सचा मुलगा. बापाने टोकदार कमानी, घुमट आणि दगडी पानंफुलं केली. मुलाने सरळ रेघा आणि गोल कोपरे. एकाच घरातली दोन चित्रं एका दिवसात बघून झाली.

गेटवे १९२४ला खुला झाला. तोही विटेटचाच. म्हणजे म्युझियम, एनजीएमएची इमारत आणि गेटवे, तिन्ही एका माणसाच्या कागदावरून उतरलेल्या, दहा मिनिटांच्या चालीत. तो १९२६ला मुंबईतच वारला, शिवडीला पुरलाय. गर्दीत आत घुसायची गरज नाही. बाजूच्या कठड्याशी उभं राहा, पाच-सव्वापाचचं ऊन कमानीच्या पिवळ्या दगडावर पडतं तेवढं बघा आणि वळा. घारापुरीच्या बोटीचा विचार मनात आला तर झटकून टाका, त्याला स्वतंत्र दिवस लागतो आणि तीही लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही असंच दुसऱ्या फेरीसाठी. ज्या पुतळ्यावरून या भागाला नाव पडलं तो मूळचा काळा घोडा, सातव्या एडवर्डला पाठीवर घेतलेला, १९६५पासून तिकडे राणीच्या बागेत आहे. इकडे चौकात २०१७ला बसवला तो बिनस्वाराचा.

साडेपाचला टॅक्सी धराच. त्या वेळी सगळं फोर्ट स्टेशनाकडे निघालेलं असतं. पावणेसहापर्यंत टॅक्सी मिळाली नाही तर थांबू नका, हुतात्मा चौक गाठून मेट्रोने एक स्टेशन या. पासधारकांच्या डब्यात चुकून चढू नका; ती मंडळी शिस्तीची आहेत, नम्रपणे उठवतात, पण उठवतात.

गाडीत बसल्यावर मोबाइल बाजूला ठेवा आणि वही काढा. दिवसभरात पाहिलेलं एकच चित्र आठवून काढायचं, फोटो न बघता. कल्याणपर्यंत काही सुचत नाही. कसाऱ्याला घाट चढायला मागून इंजिन लावतात, गाडी थांबते, हात हलत नाही, तेव्हा रेघा नीट येतात. इगतपुरीपर्यंत रंगांची नावं कडेला लिहून टाका. घरी पोचून कॅटलॉगशी ताडून बघितलं की माझी निम्मी तरी चुकलेली असतात. मी ती खोडत नाही.